तीन मिनिटांच्या आत

१९८८ साल होतं. सालाबद्दल माझ्या मनात घोळ नाही, कारण त्याच वर्षी आमच्या टेलिफोन एक्स्चेंजमधले ट्रंक कॉलचे निम्मे बोर्ड काढून नेले आणि त्याच वर्षी अग्निशमन दलाने पंचेचाळिशीच्या पुढच्या जवानांना नवी चाचणी लावली. माझा नवरा तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांचा होता.

चाचणी सांगायला सोपी होती. पाण्याच्या पाइपची चाळीस किलोची गुंडाळी खांद्यावर घ्यायची, केंद्राच्या अंगणात सरावासाठी बांधलेला मनोरा होता त्याचे सहा मजले चढायचे आणि गुंडाळीसकट परत खाली यायचं. सगळं तीन मिनिटांच्या आत. आत येईल तो बंबावर राहील, येणार नाही त्याची बदली गोदामात. दहा आठवड्यांची मुदत होती.

ह्यांना केंद्रात सगळे 'शिडी' म्हणायचे. पंचवीस वर्षं शिडीवर पहिला पाय ह्यांचाच पडत आला होता. त्यामुळे मी आपोआप 'शिडीवहिनी' झाले आणि आमची एकुलती एक लेक 'पायरी'. नावं ठेवण्यात हे सगळ्यांच्या पुढे. गोदामात पाय अधू झालेला एक जुना जवान किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावून हेल्मेटं आणि गमबूट मोजत बसायचा, त्याला ह्यांनीच 'कुलूप' म्हणायला सुरुवात केली होती. तोही हसायचा बिचारा. चाचणीचं पत्रक लागलं त्या संध्याकाळी हे घरी आले, बूट न काढताच खुर्चीत बसले. मग म्हणाले, "मला काय नाव ठेवतील गं?"

मी हसण्यावारी नेलं. पण मला कळलं होतं की हा प्रश्न नोकरीचा नव्हता. पगार तर गोदामातही तोच राहणार होता. बंब निघाला आणि आपण मागे राहिलो, हे त्या माणसाला सोसणार नव्हतं.

इथे आमच्या संसाराबद्दल थोडं सांगायला हवं. मी ट्रंक ऑपरेटर. माझ्या पाळ्या फिरत्या, ह्यांच्याही फिरत्या, आणि त्या कधी जुळत नसत. एकवीस वर्षं आम्ही एकमेकांना बहुतेक करून झोपलेलं पाहिलं. स्वयंपाकघराच्या दारामागे एक पाटी टांगलेली होती, तिच्यावर आमचं बोलणं चालायचं. दूध तापवलंय. पायरीला ताप आहे, गोळी दिली. तुमचा शर्ट इस्त्रीला. माझ्या मैत्रिणी म्हणायच्या, तुमचं कधी भांडण होत नाही हे किती छान. मी म्हणायची, भांडायला दोघं एका वेळी जागी लागतात.

चाचणीचं निघाल्यावर ह्यांनी साहेबांना सांगून दिवसपाळी मागून घेतली. मीही घेतली. आणि एका सोमवारी पहाटे साडेपाचला हे पोत्यात चाळीस किलो वाळू भरून इमारतीच्या जिन्यापाशी उभे राहिले.

आमची इमारत चार मजल्यांची, आम्ही दुसऱ्यावर. सहा मजल्यांचा हिशेब बसावा म्हणून हे चार चढायचे, दोन उतरायचे, पुन्हा दोन चढायचे आणि मग थेट खाली. मी तळाशी स्टॉपवॉच घेऊन उभी. एक्स्चेंजमधलं जुनं, जाड काचेचं, पोलादी झाकणाचं घड्याळ होतं ते. नवीन आल्यावर जुनी आम्हाला वाटून टाकली होती. हे म्हणायचे, "हिच्या हातातलं सेकंद सरकारी आहे, इकडचं तिकडे होत नाही."

ते खरंही होतं. ट्रंक कॉल तीन मिनिटांचा असायचा. तीन मिनिटं झाली की मध्येच आवाज द्यायचा आणि माणूस वाढीव वेळ मागत नसेल तर तोडायचा. वीस वर्षं ते केल्यावर तीन मिनिटं अंगात मुरतात. मी भाजी परततानासुद्धा तीन मिनिटं कधी झाली ते घड्याळ न बघता सांगू शकायची.

पण एक्स्चेंजमध्ये आमची आणखी एक रीत होती, ती नियमाच्या पुस्तकात नव्हती. पलीकडे कुणी रडत असेल, कुणाला मरणाची बातमी देत असेल, नाहीतर कुणी नुसतंच "बरं मग" म्हणत असेल आणि त्याच्याने ठेववत नसेल, तर आम्ही तीन मिनिटं झाली तरी आवाज देत नसू. दहा सेकंद, वीस सेकंद. आम्ही मुली त्याला 'श्वास देणं' म्हणायचो. "आज किती श्वास दिलेस गं?" असं जेवणाच्या सुट्टीत विचारायचो. आमच्या मुख्य बाईंना सगळं माहीत होतं. त्या पाठीमागून जाताना टेबलावर बोटाने टकटक करत, म्हणजे आता पुरे.

पहिल्या दिवशी ह्यांना तीन मिनिटं सत्तेचाळीस सेकंद लागली. मी तेवढीच सांगितली. हे शेवटच्या पायरीवर बसले, श्वास खाली बसला तसा मी थर्मासमधला चहा ओतून दिला. मग बोलायला लागले. कुठल्याशा आगीबद्दल, धुरात एका म्हाताऱ्याने ह्यांचा हात सोडून पक्ष्याचा पिंजरा कसा धरला त्याबद्दल. मी लग्नाच्या एकवीस वर्षांत ती गोष्ट ऐकली नव्हती. दुसऱ्या दिवशी दुसरी ऐकली. अर्धा तास आम्ही त्या पायरीवर बसायचो. तळमजल्यावरच्या काकू दूध घ्यायला दार उघडायच्या आणि म्हणायच्या, "रोज पहाटे खांद्यावरून कुणाला नेताय? एकदाच काय ते पोचवून या."

हे म्हणायचे, "काकू, तुमच्यासाठीच सराव चाललाय."

काकूंना ते फार आवडायचं. दुसऱ्या दिवशी त्या मुद्दाम दार उघडायच्या.

दोन आठवडे झाले तरी वेळ साडेतीन मिनिटांच्या खाली येईना. तेव्हा लेकीने जिमचा विषय काढला. ती एकोणीस वर्षांची, कॉलेजात होती, आणि बापाशी बोलायला तिला कधी भीती वाटली नाही. बेकरीच्या वरच्या मजल्यावर नवीन जिम निघाली होती, तिथे तिच्या मैत्रिणीचा भाऊ जायचा. तिने फॉर्म आणून जेवणाच्या टेबलावर ठेवला. म्हणाली, "बाबा, पोतं घेऊन जिने चढणं हा व्यायाम नाही, ही हमाली आहे. तिथे शिकवणारा माणूस आहे. नुसतं बघून तर या."

हे एका पहाटे बघून आले. त्या दिवशी मी तळाशी एकटीच उभी होते, सवयीने.

आल्यावर ह्यांनी जे सांगितलं त्यावर आम्ही मायलेकी पोट धरून हसलो. चारही भिंतींना आरसे. "जिकडे बघावं तिकडे मीच, आणि सगळीकडून पोट पुढे." ह्यांच्याच केंद्रातली तीन पोरं तिथे घाम गाळत होती. ह्यांना बघून ती ताडकन उभी राहिली आणि एकाने तर सलाम ठोकला. तिथल्या कोचने, तो जुना वजन उचलणारा खेळाडू होता, एक खांदा उतरलेला, ह्यांना दहा मिनिटं जागच्या सायकलवर बसवलं. मग दोन बोटांनी नाडी धरली आणि भिंतीवरच्या मोठ्या घड्याळाकडे बघत राहिला. म्हणाला, नाडी खाली यायला फार वेळ घेतेय. महिनाभर वजनाला हात लावायचा नाही, फक्त सायकल. आणि आधी एकदा डॉक्टरला दाखवून या.

हसणं तिथे थांबलं, निदान लेकीचं. हे मात्र चिडले होते. "पंचवीस वर्षं माणसं खांद्यावर घेऊन उतरलो, आणि हा मला जागच्या जागी सायकल चालवायला सांगतो. त्या सायकलवरून पोचायचं कुठं?"

"पण बाबा, तो नाडीचं म्हणाला ते?"

"धंद्याचं बोलणं असतं ते, पायरे."

तरी फॉर्म टेबलावर राहिला. मिठाच्या बरणीखाली चार दिवस होता. हे येता जाता त्याच्याकडे बघायचे. मला ठाऊक होतं, मनातून ह्यांना पटलं होतं. पोरांसमोर सायकलवर बसायची लाज एका बाजूला आणि कोचची दोन बोटं दुसऱ्या बाजूला. मी काही बोलले नाही. जिमची वेळ पहाटे साडेपाच ते सात. म्हणजे जिन्यातली ती शेवटची पायरी गेली, थर्मास गेला, पिंजरा धरणारा म्हातारा गेला. माझ्या डोक्यात तेवढंच चालू होतं, आज ते लिहायला लाज वाटते तरी लिहिते.

पाचव्या दिवशी पहाटे पोतं खांद्यावर घेता घेता हे म्हणाले, "आज तीनच्या आत आलो तर आपलं घरचंच बरं. नाही आलो तर संध्याकाळी फॉर्म भरतो आणि बसतो त्या सायकलवर. तुझं घड्याळ म्हणेल तसं."

मी कळ दाबली. वर पावलं गेली, चौथ्या मजल्यावर वळली, खाली आली, पुन्हा वर गेली. त्या पावलांचा आवाज मला अजून ऐकू येतो. पोत्याने चाल जड झालेली, आणि उतरताना प्रत्येक पायरीवर एक हुंकार. अंगातली तीन मिनिटं पूर्ण झाली तेव्हा हे अजून दुसऱ्या मजल्याच्या वर होते. हे खाली येऊन वाकले, पोतं पडलं, मी कळ दाबली. तीन चौतीस.

हे गुडघ्यांवर हात टेकून माझ्याकडे बघत होते. जवळचं चष्म्याशिवाय ह्यांना दिसत नव्हतं आणि चष्मा घरात होता.

"दोन अठ्ठावन्न," मी म्हणाले, आणि काटा शून्यावर आणला.

मी श्वास दिला होता. माझ्या हाताला ती सवयच होती. पण एक्स्चेंजमध्ये मी श्वास दिला तर पलीकडच्याला मिळायचा. इथे तो मी माझ्यासाठी घेतला होता.

ह्यांचा चेहरा असा खुलला की मी तो कधी विसरणार नाही. घरात येऊन ह्यांनी तो फॉर्म चारपदरी घडी करून डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवला. टेबल हलायचं थांबलं. "बघ, कामाला आला की नाही," हे म्हणाले.

एकदा सांगितलेला आकडा परत वर नेता येत नाही. दुसऱ्या दिवशी तीन चौतीसच लागली तर मी काय सांगणार होते? मी दोन छप्पन्न म्हणाले. मग दोन त्रेपन्न. खरी वेळही उतरत होती, नाही असं नाही. तीन एकतीस, तीन सत्तावीस. मला वाटायचं, दोन्ही आकडे एकाच गतीने खाली येतायत, कधीतरी खरा आकडाच तीनच्या आत जाईल आणि मग काही प्रश्न उरणार नाही. पण आपण आत आलोय असं वाटल्यावर माणूस सैल पडतो, हे मी धरलंच नव्हतं. हे मध्येच एखादा दिवस सोडायला लागले. "आज राहू दे, दोन पन्नासवाला माणूस आहे मी." पोतं जिन्याखाली पडून राहायचं, आम्ही दोघं पायरीवर बसून चहा प्यायचो, आणि खोटं कशाला सांगू, तेच दिवस मला सगळ्यांत आवडायचे.

डाव्या खांद्यात कळ येते म्हणाले एकदा. पोत्याने येत असेल, असं आम्ही दोघांनी मिळून ठरवलं.

चाचणीला तीन आठवडे राहिले असताना एका सकाळी हे अंघोळीला गेले आणि लेक स्वयंपाकघरात आली. हातातलं घड्याळ माझ्यापुढे धरून म्हणाली, "आई, तीन एकोणतीस. मी वरून लावलं होतं. तू किती सांगितलंस?"

मी पोळी उलटली. "तुझं घड्याळ पुढं असेल."

"घड्याळ पुढं असलं तरी मिनिट साठ सेकंदांचंच असतं. किती दिवस चाललंय हे?"

मी पुढची पोळी लाटायला घेतली. ती ओट्याला टेकून उभी राहिली. तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला.

"जिममध्ये भिंतीवर घड्याळ आहे, आई. ते कुणाची बायको नाही."

मग म्हणाली, तू सांग, नाहीतर मी सांगते. मी म्हणाले, सांग ना, आत्ता बाहेर येतील तेव्हा सांग, आणि त्यांचं तोंड तूच बघ. बाथरूमचं दार उघडलं. हे शीळ घालत बाहेर आले, तिच्या डोक्यावर टपली मारली आणि म्हणाले, "काय पायरे, बापाची दोन एकावन्न ऐकलीस का?"

ती म्हणाली, "ऐकली, बाबा."

मी स्वतः खोटं बोलले ते बोलले, पण लेकीच्या तोंडूनही वदवून घेतलं. त्या दिवसानंतर ती पहाटे उठेनाशी झाली. उशी डोक्यावर घेऊन पडायची.

चाचणीच्या दिवशी खरी वेळ काय असणार ते मला माहीत होतं. सगळ्यांत चांगला दिवस तीन एकोणीसचा होता. ह्यांच्या हिशेबी तो दोन सत्तेचाळीसचा. मी रजा काढते म्हणाले, तर हे नको म्हणाले. "तुला काय बघायचंय त्यात? तुला तर आधीच माहीत आहे." दारात बूट बांधत होते. सांगायचं तर तेव्हाच सांगायला हवं होतं. मी मनाशी म्हणाले, गणवेश असेल, पोरं बघत असतील, त्या भरात एकोणीस सेकंद निघतील. एका श्वासाचा तर प्रश्न आहे. आणि मी ह्यांची कॉलर नीट केली.

दहा वाजायला आले असतील. मी बोर्डावर होते, कानाला हेडफोन. मुख्य बाई माझ्यापाशी आल्या आणि म्हणाल्या, अग्निशमन केंद्रातून तुझ्यासाठी फोन आहे, या लाइनवर घे. त्या तिथेच उभ्या राहिल्या.

फोनवर ह्यांचे साहेब होते. ह्यांच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, ह्यांच्याच हाताखाली शिकलेले. फार हळू बोलत होते. म्हणाले, वहिनी, दादांना तीन मिनिटं सव्वीस सेकंद लागली. पण ते म्हणतात आमचं घड्याळ बिघडलंय. घरी रोज दोन पन्नासच्या आत येतात आणि तुम्ही स्वतः वेळ लावता, म्हणतात. सगळ्यांसमोर म्हणतात. वेळेबद्दल शंका असेल तर लगेच दुसरी संधी द्यायची असा नियम आहे, तेव्हा मला नाही म्हणता येत नाही. ते पुन्हा चढायला तयार आहेत, गुंडाळी खांद्यावर घेऊन उभे आहेत. "पण वहिनी, त्यांचा रंग मला बरा दिसत नाही. राख फासल्यासारखा झालाय. ओठ निळे पडलेत. तुम्ही घड्याळाबद्दल खात्रीने सांगता का? तुम्ही हो म्हणालात तर चढवतो."

माझ्यासमोर बोर्डावर कॉलची घड्याळं चालू होती. मला ती सगळी दिसत होती. हो म्हणाले असते तर माझी लाज झाकली गेली असती आणि ह्यांना हवी ती संधी मिळाली असती. मुख्य बाईंनी टेबलावर बोटाने टकटक केली. त्यांना वाटलं, मी घरगुती बोलण्यात लाइन अडवून बसलेय.

"साहेब, तुमचं घड्याळ बरोबर आहे," मी म्हणाले. "त्यांना फोन द्या."

गुंडाळी जमिनीवर ठेवल्याचा धप्प आवाज आला. मग ह्यांचा श्वास, जिन्याखाली ऐकायची तसाच.

"सांग गं ह्यांना," हे म्हणाले.

"अहो, चढू नका. मी खोटं सांगत होते."

"कधी?"

"त्या फॉर्मच्या दिवसापासून."

"तीनच्या आत एकदाही नाही?"

"एकदाही नाही."

पलीकडे कुणीतरी खोकलं. अंगणात पोरं उभी असणार, पंधरावीस तरी. मग हे "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. वीस वर्षांत मी हजारो माणसांचं "बरं" ऐकलं होतं, पण तसलं एकही नव्हतं.

संध्याकाळी हे नेहमीच्या वेळेला घरी आले. हातपाय धुतले, जेवले. लेक ताटावरून लवकर उठली. मग ह्यांनी सांगितलं, सोमवारपासून गोदाम. मी काहीतरी बोलायला गेले तर हात वर केला.

"पोरांसमोर मी साहेबाच्या घड्याळाला खोटं म्हणालो. माझी बायको एक्स्चेंजमध्ये आहे म्हणालो. तिचं सेकंद कधी चुकत नाही म्हणालो."

"चुकलं नव्हतं," मी म्हणाले.

"माहीत आहे. तेच तर."

या विषयावर आमचं एवढंच बोलणं झालं. तेव्हाही तेवढंच आणि नंतरही.

साहेबांनी आग्रह करून पुढच्या आठवड्यात ह्यांना मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. मी बरोबर होते. हृदयाच्या एका रक्तवाहिनीत अडथळा निघाला. डॉक्टर कागद बघत म्हणाले की दुसऱ्यांदा चढला असतात तर वरून खाली तुम्हाला आणावं लागलं असतं. मग त्यांनी विचारलं, या वयात चाळीस किलो घेऊन रोज जिने चढायचं, हे कुणी सांगितलं? हे म्हणाले, कुणी नाही, माझं मीच. डॉक्टर म्हणाले, घरी लक्ष ठेवायला कुणी नव्हतं?

"नव्हतं," हे म्हणाले.

मी शेजारच्या खुर्चीत बसले होते. त्या एका शब्दात ह्यांनी मला वाचवलंही आणि घरातून काढूनही टाकलं.

डॉक्टरांनी हलका व्यायाम सांगितला, पण कुणीतरी जाणत्याच्या नजरेखाली. हे सरळ बेकरीच्या वर गेले आणि नवीन फॉर्म भरून आले. जुना टेबलाखाली होता, तो काढला नाही. पहाटे साडेपाच ते सात. मी सुरुवातीला थर्मास भरून ठेवायची, तो तसाच राहायचा, मग बंद केलं. एकदा पाव आणायचं निमित्त करून मी बेकरीत गेले आणि समोरच्या फुटपाथवरून वर पाहिलं. खिडकीशी हे सायकलवर होते. पाय सावकाश फिरत होते. मान वर होती, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. शेजारी कोच उभा होता आणि हे त्याला काहीतरी सांगत होते, हातवारे करून. कुठल्यातरी आगीची गोष्ट असणार. कोच हसला. मी पाव घेऊन घरी आले.

त्यानंतर हे नऊ वर्षं जगले. दोन वर्षांतच कुलूप निवृत्त झाला आणि किल्ल्यांचा जुडगा ह्यांच्या कमरेला आला. पोरांनी ह्यांना काहीच नाव ठेवलं नाही. 'शिडी' म्हणायचं मात्र थांबवलं. सगळे 'काका' म्हणायला लागले, आणि मला वाटतं ते ह्यांना कुठल्याही नावापेक्षा जास्त लागलं. घरात आम्ही नीट वागायचो. भाजी काय आणू, बिल भरलं का, सगळं बोलायचो. फक्त मला वेळ विचारणं ह्यांनी सोडलं. मी समोर मनगटावर घड्याळ बांधून उभी असले तरी गॅलरीत जाऊन खाली काकूंना विचारायचे, "काकू, किती वाजले हो?"

काकू त्र्याण्णव वर्षांच्या होऊन गेल्या. त्यांना उचलायच्या वेळी हे पुढे झाले आणि पुन्हा मागे सरकले, वजनाची मनाई होती. "तुमच्यासाठीच सराव केला होता," एवढं म्हणाले.

हे गेले ते दुपारी, खुर्चीत बसल्या बसल्या. डॉक्टरांनी येऊन विचारलं, किती वाजता? दोन वाजून बारा मिनिटं, मी सांगितलं. लेकीने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

साहेब पुढे फार वर चढले, दुसऱ्या शहरात गेले, निवृत्तीनंतर एकदा भेटायला आले होते. त्या दिवसाबद्दल बोलले नाहीत, नुसते माझ्या पाया पडले. कोचचे गुडघे गेले, जिम बंद झाली, तिथे आता चष्म्याचं दुकान आहे. आमचं एक्स्चेंज कधीच मोडलं. मुख्य बाई शेवटी शेवटी कुणाला ओळखत नव्हत्या, पण हाताजवळ टेबल असलं की बोटाने टकटक करायच्या. लेक रुग्णांकडून व्यायाम करून घेण्याचं शिकली आणि त्यातच नाव काढलं. लोक सांगतात की ती फार कडक आहे, एक आकडा खाली सांगत नाही. ती टेबल घेऊन गेली, फॉर्मच्या घडीसकट. दर रविवारी फोन करते, विचारपूस करते, आणि तीन मिनिटांच्या आसपास ठेवते. मी धरून ठेवत नाही.

माझे गुडघे आता धरतात. घरातल्या घरात भिंतीला धरून शंभर येरझारा घालते, पण हल्ली साठावरच शंभर झाल्यासारखं वाटतं आणि मी बसते. लेक म्हणते, चौकाजवळच्या जिममध्ये तुझ्या वयाच्या बायकांचा वर्ग आहे, तिथे जा. परवा मी जाऊन बघून आले. आरसे आहेत, सायकली आहेत. भिंतीवर घड्याळ आहे, मोठं, सेकंदकाट्याचं. मी फॉर्म भरला.